पडून असलेल्या मॉनिटरवर टीव्ही लावायचा तं आधी आवाजाचं पाहा

आपल्याकडे गावात कोणाच्या ना कोणाच्या घरी एखादा मॉनिटर पडून असतोच. पोराच्या एमएस-सीआयटीसाठी कॉम्प्युटर घेतला होता, पुढे सीपीयू जळाला, आणि मॉनिटर मात्र चांगला आहे म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळून आलमारीवर ठेवून दिला. नाही तं गावातलं कॉम्प्युटर सेंटर बंद झालं तेव्हा कोणीतरी दोन-चार पैशात उचलून आणला. आता घरचा टीव्ही बिघडला किंवा शेतातल्या खोलीवर एक लावायचा आहे, आणि नवीन टीव्हीचे पैसे सोयाबीन विकल्याशिवाय काही निघत नाहीत, तं याच मॉनिटरवर टीव्ही मस्त चालतो. दुकानात विचारलं की "नाही जमत भाऊ, नवीनच घ्या" असं सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहून राह्यलो.

पहिले एक गोष्ट समजून घ्या. मॉनिटर म्हणजे नुसता पडदा. टीव्हीत पडद्याशिवाय चॅनल पकडणारा ट्यूनर असतो, स्पीकर असतो आणि रिमोट चालतो. यातलं ट्यूनरचं काम आता तसंही सेट टॉप बॉक्स करतो, केबल डिजिटल झाल्यापासून (खेड्यापाड्यातल्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती) केबलवाल्याची वायर सरळ टीव्हीत खोचली की चॅनल दिसले हे दिवस गेले, म्हणजे घरात टीव्ही असो की मॉनिटर, बॉक्स लागतोच. चॅनल बदलायला रिमोटही बॉक्सचाच. राह्यला आवाज. आणि तिथंच सगळे अडकतात, चित्राच्या मागे लागून केबल आणतात, चित्र येते, घरचे सगळे येऊन बसतात आणि आवाजच नाही. म्हणून मी ज्याला त्याला हेच म्हणतो की आवाज कुठून काढायचा ते आधी ठरवा, मग चित्राची केबल घ्या, कारण कोणता कन्व्हर्टर (एका जातीचा सिग्नल दुसऱ्या जातीत बदलणारी डबी) आणायचा हे बरंचसं आवाजावरूनच ठरते.

आता मॉनिटर पालथा करून मागे काय आहे ते पाहा. निळ्या रंगाचं, पंधरा भोकांचं, दोन्ही बाजूला स्क्रूची जागा असलेलं पोर्ट म्हणजे व्हीजीए, जुन्या मॉनिटरला बहुतेक हेच असते. पांढरं मोठं, बारीक बारीक भोकांच्या तीन रांगा आणि बाजूला एक आडवी चीर, ते डीव्हीआय. पातळ चपटं, खालचे दोन्ही कोपरे कापल्यासारखे, ते एचडीएमआय. तसंच दिसणारं पण एकच कोपरा कापलेला असेल तं ते डिस्प्लेपोर्ट, त्याच्या नादी लागू नका, बाजारात त्याची जी साधी केबल मिळते ती उलट्या दिशेची असते, आणि अशा मॉनिटरला बहुधा दुसरं एखादं पोर्ट असतेच. याशिवाय हिरवं किंवा काळं छोटं गोल भोक आहे का हेही पाहा, मोबाइलच्या हेडफोनचं असते तसं.

मग बॉक्सची पाठ पाहा. एचडीएमआय आहे का, आणि पिवळी-पांढरी-लाल अशी तीन एव्हीची भोकं आहेत का. छोट्या बॉक्सला तीन भोकांऐवजी एकच गोल भोक असते आणि त्यात जाणारी तीन तोंडांची वायर सोबत येते. दोन्हीच्या पाठीचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा दुकानदाराला फोटोच दाखवा, तोंडी सांगायच्या भानगडीत पडू नका.

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तं काम अर्ध्या मिनिटाचं आहे. एक साधी एचडीएमआय केबल लावा, मॉनिटरच्या मेनूत इनपुट एचडीएमआय करा, झालं.

बॉक्सला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए, ही आपल्याकडची सगळ्यात जास्त दिसणारी जोडी. याला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. नुसती केबल, म्हणजे एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए आणि मध्ये काहीच नाही अशी मिळते ती घेऊ नका, एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आणि व्हीजीएचा अ‍ॅनालॉग, मध्ये चिप असल्याशिवाय एकाचं दुसरं होत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे दिशा. व्हीजीए टू एचडीएमआय असाही कन्व्हर्टर मिळतो, दिसायला जवळपास तसाच, पण तो आपल्या काही कामाचा नाही, एचडीएमआयकडून आत आणि व्हीजीएकडून बाहेर असाच पाह्यजे. दुसरं म्हणजे त्याच्या बाजूला आवाजाचं गोल भोक असलेलाच घ्या. व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्या पंधरा पिनांत आवाजासाठी जागाच नाही, म्हणून कन्व्हर्टर आवाज वेगळा काढून त्या भोकातून देतो. बिनाभोकाचा थोडा स्वस्त मिळते पण मग आवाजासाठी दुसरा रस्ता शोधत बसा. काही कन्व्हर्टरला चार्जरची छोटी पिन लावायची सोय असते, चित्र येऊन येऊन जात असेल तं तिथं मोबाइलचा जुना चार्जर लावून पाहा, बऱ्याच वेळा बॉक्सकडून त्याला करंट पुरत नाही.

मॉनिटरला डीव्हीआय असेल तं एचडीएमआय टू डीव्हीआयची साधी केबल चालते, दोन्ही डिजिटलच आहेत, चिपबिप काही लागत नाही आणि चित्र व्हीजीएपेक्षा स्वच्छ येते. आवाज मात्र तिथूनही निघणार नाही असंच धरून चाला.

बॉक्स जुना आहे, त्याला एव्हीच आहे, आणि मॉनिटर व्हीजीएचा, तं एव्ही टू व्हीजीए कन्व्हर्टर नाही तं टीव्ही ट्यूनर बॉक्स मिळतो तो लावता येतो, पूर्वी लोकं कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर केबल पाहायला वापरायचे तोच, त्यात एव्ही आत जाते आणि व्हीजीए बाहेर येते, शिवाय आवाजाचंही भोक असते. कोणाकडे पडून असेल तं मागून आणा. पण यासाठी नवीन पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फ्री डिशचा जुना एमपीईजी-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) वाला बॉक्स असेल तं तेच पैसे एमपीईजी-४ च्या नवीन बॉक्समध्ये टाका, त्याला एचडीएमआय येते आणि जुन्या बॉक्सवर न दिसणारे चॅनलही दिसतात.

मागून ढेरीवाला जुना जाड मॉनिटर असेल तं सोडून द्या. लाइनही जास्त खाते, जागाही खाते. आणि तो घरी उघडून तं अजिबात पाहू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा करंट साठून राह्यते.

आता आवाज.

मॉनिटरला स्वतःचे स्पीकर असतील (काहींना असतात, खालच्या पट्टीत बारीक जाळी दिसते) आणि जोडणी एचडीएमआयची असेल तं आवाज आपोआप येते. बारीक येते, पंखा चालू असला की बातम्या नीट ऐकू येत नाहीत, पण एका माणसाला चालते. स्पीकर नाही पण एचडीएमआय आणि गोल भोक दोन्ही आहे, तं एचडीएमआयने आलेला आवाज त्या भोकातून बाहेर निघते, तिथं कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर लावा. आणि चित्र आलं, स्पीकर बरोबर लावले, तरी आवाज नाही असं झालं तं बॉक्सच्या मेनूत ऑडिओमध्ये जाऊन पाहा, तिथं डॉल्बी किंवा बिटस्ट्रीम असं काही असेल तं पीसीएम किंवा स्टिरिओ करा. मॉनिटरला साधा पीसीएम आवाजच समजतो. हे एवढं न केल्यामुळे लोकं केबल बदलत बसतात.

पण माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता वेगळाच आहे आणि तो बहुतेक फुकटात पडतो. चित्र एचडीएमआयमधून घ्या आणि आवाज त्याच बॉक्सच्या एव्हीमधून. बहुतेक बॉक्स दोन्हीकडून एकाच वेळी देतात. एव्हीची पिवळी पिन रिकामी सोडा, पांढरी आणि लाल घरच्या होम थिएटरला लावा, आपल्याकडे चार स्पीकरचा तो सेट घरोघरी असतोच, पोळ्याला अन् गणपतीला गाणे वाजवायला घेतलेला. त्याच्या मागे पांढरी-लाल भोकं असतात, पिन सरळ बसते. तुमच्या स्पीकरला नुसती हेडफोनसारखी पिन असेल तं थ्री पॉइंट फाइव्ह टू आरसीए केबल (एका टोकाला हेडफोनचं, दुसऱ्या टोकाला पांढरं-लाल तोंड) मागा, आणि तोंडं नर की मादी हे दुकानातच लावून पाहा. बॉक्सचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवून बाकी कमी-जास्त होम थिएटरच्या बटणावर करा, बॉक्सचा पूर्ण वाढवला तं आवाज फाटते.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राह्यला तं बॉक्स, मॉनिटर आणि होम थिएटर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा आणि आवाजाची वायर लाइनच्या वायरीला चिकटून नेऊ नका. तरी येत असेल तं घरची अर्थिंग पाहून घ्या, गावात कितीतरी घरांना ती नावालाच असते, आणि टीव्हीसाठी नाही तं जिवासाठी ती चांगली पाह्यजे.

ब्लूटूथ स्पीकर लावायचा विचार असेल तं साध्या सेट टॉप बॉक्सला ब्लूटूथ नसते, पण त्या स्पीकरला ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखं, भोक असते तिथून वायरने लावता येते. वायरनेच लावा, ब्लूटूथवर कधी कधी आवाज मागे राह्यते, तोंड आधी हालते अन् बोलणं नंतर ऐकू येते.

सगळं बरोबर जोडलं पण पडद्यावर आउट ऑफ रेंज किंवा इनपुट नॉट सपोर्टेड असं आलं तं मॉनिटर खराब आहे असं समजू नका. बॉक्स जे चित्र पाठवून राह्यला ते मॉनिटरला झेपत नाही एवढंच. आपल्याकडचे बॉक्स बरेचदा १०८०आय (चित्रातल्या आडव्या रेघांचा आकडा) आणि ५० हर्ट्झवर (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) सेट असतात, टीव्हीला ते चालते, पण कॉम्प्युटरचे कितीतरी मॉनिटर ६० हर्ट्झशिवाय दुसरं घेतच नाहीत. बॉक्सच्या रिमोटवर रिझोल्यूशन बदलायचं बटण असेल तं ते दाबत जा, एका जागी चित्र येईल. बटण नसेल तं पडद्यावर काही दिसत नाही म्हणून मेनूही उघडता येत नाही, अशा वेळी बॉक्स उचला, शेजारच्या चालू टीव्हीला लावा, सेटिंगमध्ये ७२०पी आणि ६० हर्ट्झ करा, सेव्ह करा आणि परत आणून मॉनिटरला लावा. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० चा मॉनिटर असेल तं नंतर १०८०पी करून पाहा. साडेअठरा इंची मॉनिटर बहुतेक १३६६ बाय ७६८ चे असतात, त्यांना ७२०पीच ठेवा, जास्त करून काही फायदा नाही.

सतरा इंची जुना चौकोनी मॉनिटर असेल तं माणसं उंच आणि बारीक दिसतील. बॉक्सच्या मेनूत आस्पेक्ट रेशो ४:३ करा आणि लेटरबॉक्स असं काही असेल तं तेही चालू करा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण तोंडं माणसासारखी दिसतील. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं असेल तं मॉनिटरचं ऑटो बटण दाबा, आपोआप मधात येते.

मॉनिटर ठेवायचा कुठं हेही महत्त्वाचं आहे. टीव्हीसारखा उंच फळीवर ठेवून आपण खाली चटईवर बसून पाहतो ना, तिथं जुने मॉनिटर काळे दिसतात. त्यांचे पॅनल टीएन जातीचे असतात, समोरून चांगले, बाजूने ठीक, पण खालून पाहिलं की रंग उलटे होतात, गोऱ्या माणसाचं तोंड काळंनिळं. म्हणून तो बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीत ठेवा, स्टूल नाही तं पेटी पुरते, आणि उंचच ठेवायचा असेल तं वरून पुढे झुकवा. मॉनिटरचं पॅनल आयपीएस जातीचं असेल तं ही भानगड नाही. स्टँड तुटलेला असेल तं मागे चौकोनात चार स्क्रूची भोकं असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची, त्या मापाचा वॉल माउंट कुठंही मिळते. आणि एकोणीस इंची मॉनिटर आहे तं चार-सहा फुटांवरून पाहा, सपरीत दहा-बारा फुटांवर खाटेवर बसलेल्या आबाजीला खालची बातम्यांची पट्टी वाचता येणार नाही.

लाइनच्या बाबतीत मॉनिटर आपल्या गावांसाठी टीव्हीपेक्षा बरा. एलईडीचा एकोणीस इंची साधारण वीस-पंचवीस वॅट घेते, बॉक्सचे दहा धरा, म्हणजे एका पंख्यापेक्षाही कमी, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात निघते. जुना ट्यूबलाइटवाला एलसीडी थोडा जास्त खाते. मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तं कमी व्होल्टेजलाही तो चालू राह्यते, स्टॅबिलायझरची गरज नाही. धोका कमी व्होल्टेजचा नाही, लाइन येताना बसणाऱ्या झटक्याचा आहे, म्हणून लाइन गेली की बटण बंद करा आणि आल्यावर पाचेक मिनिटं थांबून लावा. शेतातल्या सोलरच्या बॅटरीवर सरळ लावायचा विचार असेल तं आधी अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलं ते वाचा, काही १२ चे असतात, काही १९ चे, आणि १२ ची बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते, मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर असल्याशिवाय लावू नका.

उन्हाळ्याचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मॉनिटर साधारण ४० डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे बाहेरच ४५ असते, टिनाच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते पाहा. दुपारी बंद ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, वर कपडा टाकून चालू ठेवू नका. आणि कूलरच्या झोताच्या समोर तं अजिबात नको, पाण्याचे बारीक कण आत जाऊन बोर्डावर गंज चढते.

मॉनिटर विकत घेत असाल, नागपुरात सीताबर्डीला किंवा तालुक्याच्या रिपेअरिंगवाल्याकडे जुने मिळतात, तं दुकानातच पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायला लावा. चालू होऊन दोन सेकंदात काळा पडते का पाहा. काळा पडल्यावर तिरपी टॉर्च मारली आणि आत फिक्कं चित्र दिसलं तं बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) किंवा त्याची सप्लाय गेलेली आहे, तो सोडा. पांढरा पडदा करून रेघा, डाग पाहा. आणि शक्य असेल तं आपला बॉक्स सोबत न्या, तिथंच लावून पाहिलेलं कधीही चांगलं.

स्टिक (एचडीएमआयमध्ये खोचायची इंटरनेट टीव्हीची कांडी) किंवा अँड्रॉइड बॉक्स लावून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यूट्यूब पाहायचं असेल तं तेही एचडीएमआयमधूनच येते, जोडणी वर सांगितली तशीच. फक्त स्टिकला तिच्या सोबत आलेला अ‍ॅडॅप्टरच लावा, मॉनिटरच्या यूएसबीतून तिला करंट पुरत नाही आणि ती सारखी बंद-चालू होते. पैसे देऊन पाहायचे काही अ‍ॅप व्हीजीए कन्व्हर्टरवर किंवा खूप जुन्या डीव्हीआय मॉनिटरवर काळा पडदा दाखवतात, मेनू दिसते पण पिक्चर लागत नाही, कारण चोरी रोखायचं जे कुलूप आहे, एचडीसीपी म्हणतात, ते व्हीजीएवर चालतच नाही. तिथं एचडीएमआयवाला मॉनिटरच पाह्यजे. आणि डेटा ७२०पी वर तासाला जीबीच्या वर जाऊ शकते, रोजच्या पॅकमध्ये एक पिक्चर पाहिला की संपलं. मोबाइल सरळ केबलने लावायचं म्हणाल तं साध्या फोनच्या चार्जिंगच्या पोर्टातून चित्र बाहेर येतच नाही, महागड्या थोड्याच फोनला ती सोय असते.

रोजच्यासाठी फ्री डिशच बरी. प्रसार भारतीची आहे, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री, डीडी किसान, डीडी स्पोर्ट्स सगळं येते. मॉनिटर शेतातल्या खोलीवर लावला तं डिश स्वतः बसवावी लागेल. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, आपल्या विदर्भातून तो आग्नेयेकडे येते, मोबाइलच्या होकायंत्रात १४० च्या आसपास, बुलडाण्याकडे थोडं कमी, गडचिरोलीकडे थोडं जास्त. आभाळात तो ६० अंश वर आहे, पण एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) खालून आडवा निघालेला असतो त्यामुळे डिश दिसायला त्यापेक्षा बरीच उभी वाटते, तशीच राहू द्या. समोर लिंबाची फांदी नको, आता आड येत नसली तरी पुढे नवी पानं फुटली की सिग्नल जाते. बॉक्सवर सिग्नलचा मेनू उघडून एकाला पडद्यासमोर बसवा आणि दुसऱ्याने डिश केसाकेसाने हलवायची, क्वालिटीची पट्टी पाहायची, स्ट्रेंथची नाही. जूनमध्ये विजा सुरू झाल्या की बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज डिशच्या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने मॉनिटरमध्ये येते.

पट्टी चांगली लागली की नट आवळा आणि लगेच ऑइल पेंटने खांबावर आणि डिशच्या पकडीवर मिळून एक सरळ रेघ मारून ठेवा, वरच्या-खालच्या कोनाच्या पट्टीवरही एक. वानरं येऊन डिशवर बसणारच, हलवणारच, मग पुन्हा सिग्नल शोधत बसण्यापेक्षा रेघेला रेघ जुळवली की काम झालं.